चव गेलेला परीक्षक

दोन हजार नऊच्या श्रावणात मला जो ताप आला तो तसा सभ्य होता. आला, तीनचार दिवस राहिला, आणि स्वतःहून निघून गेला. फक्त जाताना माझ्या तोंडाची चव बरोबर घेऊन गेला.

ते दिवस स्वाइन फ्लूचे. शाळा बंद. भाईंदरच्या इंद्रलोक भागातली सुशिक्षित माणसं गळ्यात कापूर-वेलचीची पुरचुंडी बांधून भाजी आणायला जात होती, आणि लिफ्टमध्ये कोणी नुसतं खाकरलं तरी बाकीचे मधल्याच मजल्यावर उतरून जिन्याने चढत. अशा दिवसांत आजारी पडणं हा वैद्यकीय प्रश्न राहत नाही, चारित्र्याचा होतो. डॉक्टरांनी छाती तपासली, घसा पाहिला आणि सांगितलं, "व्हायरल आहे. घरी पडून राहा, कोणात मिसळू नका."

हा सल्ला पाळायला मला कष्ट पडले नाहीत. माझी पत्नी मृणालिनी आमच्या मुलीच्या, दिव्याच्या, बाळंतपणासाठी बंगळूरला गेली ती 'थोड्या दिवसांत येते' असं सांगून. बाळ आता चालायला लागलं होतं. थोडे दिवस अजून संपले नव्हते.

माझं नाव गुणवंत, आडनाव नाखरेकर. रत्नागिरीकडच्या नाखरे गावावरून आलेलं, अगदी सरळमार्गी आडनाव. पण सोसायटीत मला नखरेकर म्हणतात, कारण मला खाण्यातलं कळतं. एका सत्यनारायणाला शिरा हातावर पडताच मी यजमानांना म्हणालो होतो, "केळं कालचं आहे." होतंच. तेव्हापासून लोक मला प्रसाद देताना जरा लांबून देतात, पण सगळी इमारत मला मानते. निदान मी तसं समजून चाललो होतो. माणसाला एकट्याने राहायचं तर आधाराला काहीतरी लागतं. कोणाला देव असतो, कोणाला टीव्ही. मला माझी जीभ होती.

आता तिची अवस्था ऐका. नाक बंद, म्हणून रात्रभर तोंड उघडं टाकून झोपायचं. सकाळी जीभ टाळूला अशी चिकटलेली असायची की आधी तिला सोडवायचं आणि मग देवाचं नाव घ्यायचं. ओठांना भेगा पडल्या. गालांच्या आतून फोड आले. आरशात जीभ काढून पाहिली तर तिच्यावर पांढरा थर, जणू कोणी वाळत घातलेला साबुदाण्याचा पापड उचलायला विसरलं होतं. ताप उतरला, नाक मोकळं झालं, पण तोंडाचा हा सगळा पसारा तसाच राहिला.

चव गेली आहे हे मात्र मला स्वतःला कळलं नाही. ते शेजारच्या हंसाबेनला कळलं.

बरं वाटू लागल्यावर पहिलं काय केलं असेल, तर सुके बोंबील तव्यावर टाकले. तोंडाला चव यावी म्हणून. टाकले आणि पेपर वाचत बसलो. थोड्या वेळाने दार असं वाजलं की मला वाटलं आग लागली. दारात हंसाबेन, पदर नाकाला, डोळ्यांत पाणी.

"गुणवंतभाई, ये क्या जला रहे हो? पूरा माळा भर गया!"

मी वळून पाहिलं. स्वयंपाकघरात धूर दाटला होता. तव्यावर कोळसे होते. मला यत्किंचितही वास आला नव्हता.

"आपको बास नहीं आती?" हंसाबेनने विचारलं. आमच्या भिंतीपलीकडे बारा वर्षं बोंबील सोसलेली बाई ती. तिच्या आवाजात राग कमी आणि काळजीच जास्त होती.

"थोडा सर्दी है," मी म्हणालो.

इथून उपचारांना सुरुवात झाली. हंसाबेनने तुरटीच्या गुळण्या सांगितल्या. त्या केल्यावर तोंड असं आखडलं की दिवसभर मी कोणाला तरी शीळ घालायला निघाल्यासारखा दिसत होतो. मग तिने जिभेला हळद आणि तूप लावायला सांगितलं. मग त्रिफळा. सोसायटीचे सेक्रेटरी जितेश यांनी जिन्यात, चार पायऱ्या खाली उभं राहून, "काका, हिरवी मिरची चावा, नस मोकळी होते," असं सांगितलं. कुठली नस ते त्यांनी सांगितलं नाही. फोड आलेल्या तोंडात हिरवी मिरची चावल्यावर काय होतं ते मीही इथे सांगत नाही. एवढंच सांगतो की मी नळाखाली डोकं घालून बसलो होतो आणि पाठीवर हात फिरवायला कोणी नव्हतं, हे मला तेव्हा प्रथमच ठळकपणे जाणवलं.

शेवटी केमिस्टने फोडांना लावायला ते जुनं जांभळं औषध दिलं. मी कोणतीही गोष्ट अर्धवट करत नाही. सढळ हाताने लावलं. ओठ जांभळे, दात जांभळे, जीभ जांभळी. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायचं होतं. घासून घासून ओठ सोलले, पण रंग हलेना. तेव्हा मी जांभळेपण झाकायला मास्क लावून ऑफिसात गेलो.

ही माझी मोठी चूक. माझ्या टेबलाच्या आसपासची टेबलं दुपारपर्यंत इतकी सरकली की मधून हातगाडी गेली असती. शिपायाने पाण्याचा जग उचलून दुसऱ्या खोलीत नेला. साहेबांनी बोलावलं, आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभे राहिले.

"नाखरेकर, बरं नाही का?"

"अगदी बरा आहे, साहेब."

"मग मास्क काढा बघू."

मी काढला. साहेबांनी खिडकी उघडली. 'बरा असल्याचं प्रमाणपत्र आणल्याशिवाय येऊ नये' हा निरोप मला मागाहून, फोनवर मिळाला. तेव्हा मी अजून त्याच मजल्यावर होतो.

आमचे डॉक्टर गणपतीसाठी आधीच गावी गेले होते. म्हणून सरकारी दवाखान्यात गेलो. तिथे भली मोठी रांग. खिडकीपाशी पोचल्यावर आतल्या बाईंनी विचारलं, "ताप?"

"नाही."

"खोकला?"

"गेला."

"मग इथे कशाला उभे आहात? ही तापवाल्यांची रांग आहे."

"मला ताप नाही, असं लिहून हवंय."

"तसं बऱ्या झालेल्या पेशंटला देतात."

"मी बराच झालोय."

बाईंनी समोरची पानं चाळली. "आमच्याकडे तुमचा तापच नाही. जो ताप आलाच नाही, तो गेला असं कसं लिहून देऊ? ताप आला की या."

मी बाहेर आलो. निरोगी असल्याबद्दल हाकलून दिलेला भाईंदरमधला मी बहुधा पहिलाच माणूस.

मग घरी बसणं आलं. दुपारची इमारत फार मोठी वाटते. पलीकडे हंसाबेनचा कुकर वाजायचा आणि मी शिट्ट्या ऐकत बसायचो. स्वयंपाक करायचा उत्साहच गेला. कशालाच चव नाही तर फोडणी कोणासाठी द्यायची? भात उकडायचा, त्यावर दही ओतायचं, उभ्या उभ्या गिळायचं. एकदा तर मी काय जेवलो हे संध्याकाळी आठवेना. पातेलं उघडून पाहिलं, तेव्हा कळलं की जेवलोच नव्हतो.

मृणालिनीचा रोज फोन यायचा. "अहो, काय जेवलात?"

"वालाचं बिरडं, आमसुलाचं सार," मी सांगायचो. मला आठवतील ते पदार्थ मी तिला ऐकवत होतो. "गणपतीला येतेस ना?"

"कशी येऊ? तिकडे साथ आहे म्हणतात. बाळाला घेऊन प्रवास नको म्हणते दिव्या. तुम्हाला तर काही नाही ना?"

"मला काय धाड भरलीय!"

खरं सांगितलं असतं तर ती आली असती की नसती, याचा मला अंदाज नव्हता. आली नसती तर ते मला कळलं असतं, आणि ते कळायला नको होतं.

अशा मनःस्थितीत असताना ममतावहिनी आल्या. त्या जितेश यांच्या पत्नी आणि सोसायटीच्या महिला मंडळाच्या प्रमुख. दारातूनच म्हणाल्या, "काका, गणपतीत मोदकांची स्पर्धा ठेवलीय. परीक्षक तुम्हीच. तुमच्यासारखी जीभ अख्ख्या इंद्रलोकात नाही."

या वेळी खरं सांगायला हवं होतं. पण विचार करा, कितीतरी दिवसांनी कोणीतरी माझ्या दारात येऊन माझ्याकडे काही मागत होतं. मी म्हणालो, "येईन. पण मोदक गरम हवेत." हे शेवटचं वाक्य निव्वळ रुबाबासाठी होतं. मला गरम आणि गार एवढंच काय ते कळत होतं.

स्पर्धेच्या संध्याकाळी खाली मांडवात सगळी सोसायटी जमली होती. लांब टेबल, त्यावर ताटं. तोंडाचा जांभळा रंग एव्हाना उतरला होता. मी इस्त्रीचा कुडता घातला होता. पहिला मोदक तोंडात घातला. ओला पुठ्ठा चावल्यासारखं वाटलं. डोळे मिटले, मान हलवली, "हंऽऽ" म्हणालो. लोकांनी श्वास रोखला. दुसऱ्या मोदकाला "हंऽऽ" जरा आखूड केला. तिसऱ्याच्या पाकळ्या मोजल्या. हे सोपं होतं! निम्म्या टेबलापर्यंत माझ्या लक्षात आलं की परीक्षकाला चव लागायची तशी गरज नसते, चेहरा लागतो.

टेबलाच्या टोकाला एक ताट होतं. मोदक कसले, दमून बसलेली माणसं. एकाची शेंडी पडलेली, दुसरा कुशीवर झोपलेला. ताटामागे पंढरीनाथ उभे होते. तळमजल्यावर राहणारे, मूळचे खारी गावचे. सगळं आयुष्य मिठागरात काढलेला माणूस. गावाकडची जागा बिल्डरला गेल्यावर या इमारतीत राहायला आले. गेल्या चैत्रात त्यांची बायको शेवंती वारली. त्यानंतर मी त्यांना जिन्याखाली पाहायचो, ते मला पाहायचे, आणि आम्ही दोघेही 'काय, ठीक?' म्हणून आपापली कुलुपं उघडायला जायचो.

मी त्यांचा मोदक उचलला आणि चावला.

आणि काय सांगू! तोंडात काहीतरी झालं. गालांना, जिभेच्या कडेला, ओठांच्या भेगांना एकदम जाग आली. पहिल्या मोदकापासून मेल्यासारखं पडलेलं तोंड खडबडून उठलं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. मला वाटलं, चव आली! माझी चव परत आली!

"हा!" मी ओरडलो. "हा पहिला! यात जीव आहे!"

टाळ्या झाल्या, जरा गोंधळलेल्या. ममतावहिनींचा चेहरा पडला. त्यांचे एकवीस पाकळ्यांचे मोदक शेजारीच होते. पंढरीनाथांच्या हातात बक्षिसाचा कुकर आला. तो त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला. त्या माणसाला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. आणि मग जितेश यांनी प्रथेप्रमाणे पहिल्या नंबरचे मोदक सगळ्यांना वाटले.

हंसाबेन सर्वांत आधी नळाकडे धावली. मग बाकीचे. एका गृहस्थांनी मोदक रुमालात थुंकून रुमालच टाकून दिला.

"मीठ! नुसतं मीठ आहे!" जितेश ओरडले. "काका, हे तुम्हाला गोड लागलं?"

आता माझ्या लक्षात आलं. चव वगैरे काही आली नव्हती. उकडीतलं मीठ माझ्या तोंडातल्या फोडांवर बसलं होतं. मला आयुष्यात इतकी आग कधी झाली नव्हती आणि तिलाच मी आनंद समजलो होतो.

खरं बोलून मोकळा झालो असतो. पण समोर पंढरीनाथ होते. कुकर अजून छातीशी होता, हसू जात चाललं होतं, आणि ते ताटाकडे असं बघत होते की जणू त्यांना मांडवातून उठवायलाच कोणी येणार आहे.

"माझा निकाल कायम आहे," मी म्हणालो. "ज्यांना खाण्यातलं कळत नाही त्यांनी बोलू नये." आणि ताटातला दुसरा मोदक उचलून खाल्ला. मग तिसरा. फोडांनी आकाशपाताळ एक केलं. माझे कान गरम झाले, नाक वाहू लागलं. मी चावत राहिलो.

"अरे, इनको कुछ पता ही नहीं चलता!" हंसाबेन कळवळून म्हणाली. तिच्या मनात मला वाचवायचंच होतं, याबद्दल मला शंका नाही. "बुखार आया था ना, तब से! बोंबील जल गया, इनको बास तक नहीं आई!"

"ताप?" कोणीतरी म्हणालं. "कसला ताप?"

"मास्क घालून जात होते ते! मी पाहिलंय!"

"काका, तुम्ही सगळ्या ताटांना हात लावलात?"

मांडव माझ्याभोवती रिकामा होत गेला. कोणी ढकललं नाही, कोणी शिवी दिली नाही. सगळे एकेक पाऊल मागे झाले, एवढंच. गणपतीच्या समोर मी, ती ताटं, आणि भोवती मोकळी फरशी. मी खूप म्हणालो की ताप कधीच गेला, आता माझ्यापासून काही होत नाही. पण तोंड इतकं भाजलं होतं की शब्द नीट फुटेनात, आणि ते ऐकून लोक आणखी मागे सरले. मी एकटाच लिफ्टने वर गेलो. लिफ्ट पूर्ण रिकामी मिळाली, हा एक फायदा.

दुसऱ्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर मिनल तरुण होती. तिने तोंड उघडायला लावलं आणि बराच वेळ आत पाहत राहिली.

"तुरटी कोणी सांगितली?"

"शेजाऱ्यांनी."

"आणि मिरची?"

"सेक्रेटरींनी."

तिने दिवा बाजूला केला. "काका, ताप केव्हाच गेलाय. तुमच्यापासून कोणालाही भीती नाही, तसं हवं तर मी लिहून देते. नाक बंद होतं तेव्हा तुम्ही तोंडाने श्वास घेतलात, पाणी कमी प्यायलात, त्यामुळे लाळ सुकली. लाळ नसली की तोंड उघडं पडतं. फोड येतात, थर साचतो. आणि चव म्हणता ना, त्यात वासाचाच भाग मोठा. अशा आजारात वास मार खातो. येईल हळूहळू. जरा वेळ लागेल. तुरटीबिरटी बंद. घोट घोट पाणी, कोमट पाण्याच्या गुळण्या, मऊ नवा ब्रश. पंधरवड्यात फोड गेले नाहीत तर परत दाखवा. आणि नीट चावून जेवा, त्याने लाळ सुटते. जेवता ना?"

"जेवतो की."

तिने माझ्या कुडत्याकडे पाहिलं. तो खांद्यावरून घसरत होता. "चव नसली की लोक जेवण सोडतात. घरात कोणी असलं तर रागावून वाढतं तरी. तुमच्याकडे आहे कोणी?"

"आहेत ना," मी म्हणालो. "बंगळूरला."

प्रमाणपत्र मिळालं. दाताच्या डॉक्टरचं चालत नाही असं ऑफिसने फोनवरच कळवलं, म्हणून ते मी सोसायटीच्या फलकावर लावलं. लोकांनी लांबून वाचलं. जितेश माझ्याशी पुन्हा बोलू लागले, पण खिडकीतून. दाराशी मात्र कोणी आलं नाही. गणपती गेले, मांडव सुटला, आणि कपात उरलेला चहा गार होताना बघण्यापलीकडे मला उद्योग राहिला नाही.

एका संध्याकाळी बेल वाजली. दारात पंढरीनाथ. एका हातात झाकलेलं पातेलं, दुसऱ्या हातात कुकर.

"भाऊ, ह्ये तुमच्याकडं ठेवा," ते कुकर पुढे करत म्हणाले. "माझा न्हाय तो."

"निकाल लागलाय, पंढरीनाथ. परत घेत नाहीत."

ते आत आले, खुर्चीच्या कडेवर टेकले. "मला ठाव होतं, खारट झाले ते. घरी चाखले होते मी. उकडीत चिमूटभर मीठ घाल, असं शेवंती म्हणायची. पण माझा हात मिठागरातला. माझी चिमूट मोठी."

"मग आणलेत कशाला खाली?"

ते पातेल्याच्या झाकणावरचं पाणी बोटाने पुसत राहिले.

"खाली लायटी होत्या," ते म्हणाले. "मानसं होती. दरसाल ती ताट घेऊन जायची, मी तिच्या मागून जायचो. आता रिकाम्या हातानं खाली जाऊन उभा कुठं ऱ्हानार? कोण इचारतं? हातात ताट असलं की जागा भेटते."

मी कुकर त्यांच्याकडेच सरकवला.

"तुम्ही तीन खाल्लेत," ते म्हणाले. "का?"

"पहिला चुकून. चव आली असं वाटलं. पुढचे दोन. तुमचे होते म्हणून."

पंढरीनाथ हसायला लागले. आधी खांदे हलले, मग पोट, मग सगळा माणूस. मीही हसलो, आणि ओठाची भेग उलून रक्त आलं. पातेल्यात पेज होती. मी दोन ताटल्या मांडल्या. मला तिची चव कळली नाही, पण ती ऊन होती, आणि समोर दुसरा माणूस भुरके मारत होता. मी दोनदा वाढून घेतलं.

पुढच्या रविवारी ते म्हणाले, "घोडबंदरला शेवंतीचं माहेर हाय. ती गेल्यापास्नं गेलो न्हाय. एकट्यानं जाववत न्हाय. येता?"

गेलो. तिच्या भावाकडे बसलो, चहा झाला. सगळे शेवंतीबद्दल सोडून बाकी सगळ्याबद्दल बोलले. परत निघालो तेव्हा ऊन कलत होतं. आम्ही खाडीजवळच्या स्टॉपवर बसची वाट पाहत उभे राहिलो. ओहोटी होती. चिखल उघडा पडला होता आणि त्यात काय काय कुजत होतं देव जाणे. पंढरीनाथांनी उपरणं नाकाला लावलं.

"शी! काय घान मारतंय."

मी मान वळवली. आणि थांबलो. अगदी बारीक, लांबून आल्यासारखं, पण होतं. चिखल, शेवाळ, मेलेली मासळी. मी नाक वर करून श्वास ओढला. पुन्हा ओढला.

"येतोय!" मी त्यांचा दंड धरून ओरडलो. "पंढरीनाथ, वास येतोय!"

"येनारच की. खाडी हाय."

"फार घाण आहे हो!"

"लई घान," ते म्हणाले. मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, त्यांना कळलं, आणि त्यांनी उपरणं खाली घेतलं. स्टॉपवरची एक बाई उठून लांब जाऊन उभी राहिली.

बस आली. कंडक्टरने दोनदा विचारलं. आम्ही चढलो नाही.